लेखकांचे गोत
जळगावच्या कविसंमेलनापासून आचोळ्याच्या वाचनसभेपर्यंत



स्मरणिकेसाठी काही ऐतिहासिक स्वरूपाचा लेख लिहावा, अशी आज्ञा संपादक मंडळाने केली, तेव्हा कुलवृत्तान्त, गावचे वतन किंवा जुन्या देवालयाचा जीर्णोद्धार यांपैकी एखादा विषय घ्यावा असे प्रथम मनात आले होते. परंतु गेल्या वर्षी आपल्या संघाच्या बैठकीत एक प्रश्न निघाला व त्यावर बरीच वादावादी झाली, ती अनेकांच्या स्मरणात असेल. आचोळे येथे लिहिणाऱ्या मंडळींची एक वाचनसभा भरवावी, हे सर्वांस मान्य होते. ती केवळ ज्ञातीपुरती असावी की गावात राहणाऱ्या कोणासही तीत वाचण्याची मुभा असावी, एवढाच मतभेदाचा मुद्दा होता. वडीलधाऱ्यांपैकी काहींचे म्हणणे असे की, पैसा संघाचा, श्रम संघाचे. तेव्हा व्यासपीठही आपल्याच मुलाबाळांना मिळावे. हे म्हणणे अगदीच टाकाऊ होते असे नाही. आपल्या मुलांना चार माणसांसमोर उभे राहण्याची संधी मिळावी म्हणूनच तर अशा संस्था आपल्या पूर्वजांनी काढल्या.

त्या वादाचा निकाल कसा लागला ते लेखाच्या शेवटी सांगेन. परंतु त्या रात्री घरी परतल्यावर मला असे वाटू लागले की, लिहिणारी माणसे एकत्र येऊन एकमेकांचे ऐकू लागली, तेव्हा त्यांच्यात जे नाते जडले ते कशाचे होते, हे इतिहासालाच विचारून पाहावे. प्रस्तुत लेख हा त्या विचारण्याचा वृत्तान्त होय.

आपल्याच भूमीतील पहिले वाचन

आचोळे हे आज नालासोपारा स्थानकाच्या पूर्वेस इमारतींच्या गर्दीत हरवलेले गाव आहे. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली, २०१४ साली पालघर जिल्हा झाला, आणि भाताच्या खाचरांतून जाणाऱ्या ज्या बांधांवरून आमची पिढी शाळेत गेली, ते बांध आता रस्त्यांच्या पोटात गेले. तथापि येथून हाकेच्या अंतरावर रुळांच्या पलीकडे जे सोपारे आहे, ते प्राचीन शूर्पारक बंदर होय. तेथील ज्या टेकाडाला लोक बुरूड राजाचा कोट म्हणत, ते पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली उकरून पाहिले, आणि आत बौद्ध स्तूप निघाला. त्याच वर्षी त्यांना सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा मिळाला. पुढे १९५६ साली जवळच्या भुईगाव येथे नवव्या लेखाचा तुकडा सापडला.

हे येथे सांगण्याचे कारण असे की, अशोकाचे लेख दगडावर कोरलेले असले तरी ते लोकांना ऐकविण्यासाठी होते. कलिंग देशातील लेखांत तर ते तिष्य नक्षत्राच्या दिवशी ऐकवावेत, अशी स्पष्ट आज्ञाच आहे. वाचता येणारा एक, ऐकणारे शंभर, अशी त्या काळची रीत. आणि सोपाऱ्याला ज्या आठव्या लेखाचा तुकडा मिळाला, त्याचा विषय तरी कोणता? पूर्वीचे राजे मृगयेसाठी यात्रा करीत. आपण ती सोडून धर्मयात्रा आरंभिली, असे राजा सांगतो. त्या यात्रेत ब्राह्मणांची व श्रमणांची भेट घ्यावयाची, वृद्धांना दान द्यावयाचे, आणि गावोगावच्या जनांना भेटून त्यांच्याशी बोलावयाचे. म्हणजे सुमारे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी आपल्या भूमीवर जे वाचून दाखविले गेले, ते माणसांनी माणसांना भेटण्याविषयीचेच होते. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

दुसरे उदाहरण ज्ञातिसंस्थांच्या वर्तुळात अधिक परिचयाचे आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९२४ साली प्रसिद्ध केलेली ‘महिकावतीची बखर’ उत्तर कोकणातील अनेक कुळांना आपल्या मुळाचा दाखला म्हणून प्रिय आहे. ही बखर एका हातची नाही. निरनिराळ्या काळी निरनिराळ्या माणसांनी लिहिलेली प्रकरणे तीत एकत्र आली आहेत. त्यांतील जुना भाग केशवाचार्याने शके १३७० मध्ये, म्हणजे इ. स. १४४८ च्या सुमारास रचला. देश परचक्राने विस्कळीत झाला, कुळे आपापली ओळख विसरू लागली, तेव्हा मालाडच्या नायकोरावाने लोकांना एकत्र बोलावले व केशवाचार्याने त्यांना वंश, कुळ आणि महाराष्ट्रधर्म निवेदन केला, असे वर्णन बखरीत आहे. हेही एक परीने सार्वजनिक वाचनच. परंतु या मेळाव्याचा हेतू कोण कोणाचा हे ठरविण्याचा होता. आपत्काळात तो योग्यही असेल. आपल्यासारख्या संस्था याच मेळाव्याच्या वंशातल्या आहेत, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती होणार नाही.

तेव्हा दोन परंपरा आपल्या दाराशी आहेत. एक, भेटेल त्याच्याशी बोलणारी. दुसरी, आपले कोण हे मोजणारी. लेखकांचे मेळावे यांपैकी कोणत्या वाटेने गेले, ते आता पाहू.

ग्रंथकार सभा आणि एक नकाराचे पत्र

अर्वाचीन काळात मराठी लेखकांनी एकत्र यावे ही कल्पना न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे व लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख यांची. त्यांच्या आवाहनावरून ११ मे १८७८ रोजी पुण्यास हिराबागेत पहिली ग्रंथकार सभा भरली व रानडे तिचे अध्यक्ष झाले. आज ज्याला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन म्हणतात, त्याचा उगम येथे आहे. छापखाने निघाले होते, मासिके निघत होती; परंतु पुस्तक लिहिणारा माणूस आपल्या गावी एकटाच बसलेला असे. दुसरा कोण लिहितो, काय लिहितो, त्याचे पुस्तक विकले जाते की वाळवी खाते, हे कळावयास मार्ग नव्हता. तो मार्ग या सभेने दाखविला.

दुसरी सभा १८८५ च्या मे महिन्यात पुण्यासच भरली. तिचे अध्यक्ष कृष्णशास्त्री राजवाडे होते. ज्यांना येणे शक्य नव्हते त्यांनी पत्रे पाठविली. त्यांत एक पत्र महात्मा जोतीराव फुले यांचे होते, आणि ते शुभेच्छेचे नव्हते. जे लोक मनुष्यमात्राचे हक्क सर्वांना मोकळ्या मनाने देत नाहीत, त्यांच्या सभेत आमच्या दुःखाचा विचार व्हावयाचा नाही. तेव्हा त्यांच्यात मिसळण्यात आम्हांस अर्थ दिसत नाही, असा त्याचा आशय. पुढे जून महिन्यात हे पत्र ‘ज्ञानोदया’त छापूनही आले.

या पत्राविषयी आपल्याकडे फार थोडे बोलले जाते. रानड्यांसारखा उदार पुरुष बोलावतो आणि जोतीरावांसारखा पुरुष नाही म्हणतो, यातील कोणा एकाला खोटे ठरविण्याची घाई करू नये. रानड्यांचे आमंत्रण प्रामाणिक होते. परंतु नुसते आमंत्रण देऊन आपलेपणा निर्माण होत नाही, हे जोतीरावांना स्वतःच्या आयुष्यावरून ठाऊक होते. सभेत खुर्ची मिळणे ही एक गोष्ट, आणि तेथे आपले म्हणणे कोणी मनावर घेईल असा भरवसा वाटणे ही दुसरी. लेखकांच्या पहिल्याच मेळाव्यांपासून हा प्रश्न उभा आहे. आपल्या गेल्या वर्षीच्या बैठकीतही तो, नकळत का होईना, उभा होता.

जळगाव, १९०७

आता ज्या घटनेसाठी हा लेख लिहावयास घेतला तिच्याकडे वळतो.

गेल्या शतकाच्या आरंभी मराठी कवीची अवस्था ग्रंथकारापेक्षाही एकाकी होती. केशवसुतांचेच पाहा. १९०५ साली ते हुबळी येथे प्लेगने गेले, तोवर त्यांच्या कविता मासिकांतून विखुरलेल्या होत्या. त्यांचा संग्रह त्यांच्या मागे निघाला. नव्या कवितेला ज्या थोड्या नियतकालिकांनी आसरा दिला, त्यांत जळगावहून नारायण नरसिंह फडणीस हे चालवीत असलेले ‘काव्यरत्नावली’ अग्रगण्य होते. कवींची एकमेकांशी ओळख होई ती बहुधा अशा मासिकाच्या पानावर. छापलेले नाव माहीत. तोंड माहीत नाही, आवाज तर नाहीच नाही.

अशा काळी १९०७ साली जळगावास पहिले महाराष्ट्र कविसंमेलन भरले. अध्यक्षस्थानी कर्नल कान्होबा रणछोडदास कीर्तिकर होते. हे गृहस्थ व्यवसायाने शल्यवैद्य, अभ्यासाने वनस्पतिशास्त्रज्ञ आणि आवडीने कवी. भारतातील औषधी वनस्पतींवरील त्यांच्या सहभागाने सिद्ध झालेला मोठा ग्रंथ आजही अभ्यासकांच्या उपयोगी पडतो. पुढे १९०९ साली बडोद्याच्या साहित्य संमेलनाचेही ते अध्यक्ष झाले. या जळगावच्या सभेत धरणगावात जन्मलेला एक मुलगा उभा राहिला. नाव त्र्यंबक बापूजी ठोंबरे. वय अवघे सोळा-सतरा. त्याने आपली कविता म्हटली. कीर्तिकरांनी त्या मुलाचा गौरव करून त्याला ‘बालकवी’ ही पदवी दिली, आणि महाराष्ट्र त्याला आजतागायत त्याच नावाने ओळखतो.

पदवीची गोष्ट सर्वांना शाळेपासून ठाऊक आहे. माझ्या मते त्या सभेत घडलेली अधिक महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. सभेला रेव्हरंड नारायण वामन टिळक आले होते. फुलामुलांचे कवी म्हणून त्यांची ख्याती. त्यांनी या मुलाला ओळखले, आणि त्याला आपल्या कुटुंबात जागा दिली. ठोंबरे काही काळ अहमदनगरास, म्हणजे आताच्या अहिल्यानगरास, टिळकांच्या बिऱ्हाडी राहिला. टिळकांची पत्नी लक्ष्मीबाई यांनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात या पोरक्या वाटणाऱ्या, हळव्या, हट्टी मुलाच्या आठवणी आईच्या मायेने लिहिल्या आहेत.

हे चित्र क्षणभर डोळ्यांपुढे आणा. टिळक जन्माने ब्राह्मण. १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि त्या एका दिवसाने त्यांचे नातलग, ज्ञाती, जेवणाची पंगत सर्व तुटले. लक्ष्मीबाईही काही वर्षे पतीपासून दूर राहिल्या. त्या दुःखाचे वर्णन त्यांनी केले आहे तसे मराठीत क्वचितच कोणी केले असेल. पुढे त्या पतीजवळ गेल्या व कालांतराने त्यांनीही तोच धर्म पत्करला. अशा घरात १९०७ नंतरच्या त्या दिवसांत एका ब्राह्मण घरचा मुलगा येऊन राहतो. त्या काळी याचा अर्थ काय होता, हे आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थेतील जुन्या माणसांना वेगळे सांगावयास नको. पाण्याचा पेलासुद्धा कोणाच्या हातचा, याचा विचार होत असे. आणि तरीही हे नाते जडले. ते रक्ताने, लग्नाने किंवा गोत्राने जडले नव्हते. एकाने कविता म्हटली आणि दुसऱ्याने ती ऐकली, एवढ्यावरून जडले होते.

बालकवी अल्पायुषी ठरला. ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ आगगाडीखाली सापडून तो गेला. तेव्हा त्याला अठ्ठावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. टिळक पुढच्याच वर्षी, मे १९१९ मध्ये निवर्तले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे राहिले होते, ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले. ज्या बाईला लग्नानंतर अक्षरओळख झाली, तिने हे करावे, यात त्या घराच्या वातावरणाचा मोठा वाटा आहे. त्या घरात कविता ही मोठ्याने म्हणण्याची व ऐकण्याची वस्तू होती. कपाटात ठेवण्याची नव्हती.

जी तेथे नव्हती

परंतु जळगावच्या संमेलनाची स्तुती करून थांबलो, तर इतिहासाशी अर्धेच इमान राखल्यासारखे होईल. ज्या वर्षी जळगावात कवी जमले, त्या वर्षी त्याच गावात चौधऱ्यांच्या वाड्यात एक सत्तावीस वर्षांची सून नांदत होती. जवळच्या असोदे गावची ती लेक. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात, जात्यावर, चुलीपाशी तिला ओव्या सुचत, आणि त्या ऐकणारी भिंत, जाते नाहीतर जवळ बसलेले पोर. तिचे नाव बहिणाबाई. १९५१ च्या डिसेंबरात ती वारली. तिच्या मुलाने, कवी सोपानदेव चौधरी यांनी, आईची टिपून ठेवलेली गाणी आचार्य अत्रे यांच्यापुढे ठेवली, आणि १९५२ साली ‘बहिणाबाईची गाणी’ अत्र्यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली. त्या दिवसापासून महाराष्ट्र तिला डोक्यावर घेऊन आहे. पण गाणारी स्वतः ते पाहावयास उरली नव्हती.

१९०७ च्या संमेलनवाल्यांनी तिला का बोलावले नाही, असे विचारणे अन्यायाचे होईल; त्यांना ती आहे हेच ठाऊक नव्हते. दोष कोणा माणसाचा नव्हता. तो दाराचा होता. ज्या दारातून फक्त छापलेले नाव आत येऊ शकते, त्या दारातून बहिणाबाई येणार कशी? जोतीरावांच्या पत्रात जो प्रश्न होता, तोच येथे वेगळ्या रूपाने दिसतो. म्हणून वाचनसभा भरविणाऱ्याने आलेल्यांची मोजदाद करून झाल्यावर, कोण आले नाही याचाही विचार करावा.

रविवारचा चहा आणि पुढे

यानंतरचा इतिहास वाचकांच्या अधिक परिचयाचा असल्याने तो थोडक्यात सांगतो. १९२३ साली पुण्यास रविकिरण मंडळ स्थापन झाले. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे व त्यांच्या पत्नी मनोरमाबाई, वि. द. घाटे आदी मंडळी रविवारी चहाला जमत आणि आपापल्या कविता एकमेकांना वाचून दाखवीत. मंडळात एक स्त्री होती, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. या मंडळींनी, विशेषतः यशवंत व गिरीश यांनी, गावोगाव जाऊन कविता गाऊन दाखविल्या. कविता ऐकावयास तिकडे माणसे लोटू लागली, ही नवी गोष्ट होती. त्यांची थट्टाही पुष्कळ झाली. अत्र्यांनी ‘झेंडूची फुले’ लिहून तिला साहित्यात कायमचे स्थान दिले. पण ज्यांची थट्टा होते ते निदान एकटे नसतात. स्वातंत्र्यानंतर विंदा करंदीकर, वसंत बापट व मंगेश पाडगावकर या त्रयीने काव्यवाचनाला जी लोकप्रियता मिळवून दिली, तिचे साक्षीदार आपल्या समाजात अजून आहेत. तिघांची प्रकृती निराळी, घराणी निराळी; व्यासपीठ मात्र एकच.

याच सुमारास, १९५८ साली, मुंबईत दादर येथे पहिले दलित साहित्य संमेलन भरले व त्याचे उद्घाटन अण्णा भाऊ साठे यांनी केले. जोतीरावांनी १८८५ साली दुसऱ्यांच्या सभेत जाण्यास नकार दिला होता. आता त्या वाटेवरच्या लोकांनी आपली सभा आपण भरविली. यातून मराठी साहित्य फुटले असे त्या काळी काहींना वाटले. प्रत्यक्षात ते वाढले. ज्यांचे कोणी ऐकत नव्हते त्यांनी प्रथम एकमेकांचे ऐकले. मग सर्व महाराष्ट्राला ऐकावे लागले. आपल्या ज्ञातीपुरती सभा असावी असे म्हणणाऱ्यांच्या बाजूने इतिहासात काही आधार असेल तर तो येथे आहे, आणि तो मी प्रांजळपणे मांडतो. परंतु भुकेल्याने स्वतःची चूल मांडणे आणि जेवून उठलेल्याने दार लावून घेणे, या दोन गोष्टी एक नव्हेत.

आपल्या वसईपुरते बोलावयाचे तर जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद, आताचे धाराशिव, येथे त्र्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. त्याचे अध्यक्षपद वसईच्या नंदाखाल गावचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषविले. ‘सुवार्ता’ मासिकाचे ते दीर्घकाळ संपादक, ‘सुबोध बायबल’चे कर्ते, आणि वसईची हिरवळ राखण्यासाठी झगडलेले कार्यकर्ते. १८७८ च्या हिराबागेतून निघालेली वाट अशा रीतीने एका वसईकर धर्मगुरूच्या पायाशी येऊन पोहोचली. २०२४ च्या जुलैत ते आपल्यातून गेले. ते आपल्या ज्ञातीचे नव्हते. तरी त्यांची निवड झाल्याचे कळले, तेव्हा आपल्या आळीत पेढे वाटले गेले होते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणजे आपल्या मनाने काही गोष्टी बैठकीच्या ठरावाआधीच ठरविलेल्या असतात.

आचोळ्याची सभा

आता राहिलेली हकीकत. संघाच्या बैठकीत अखेर असे ठरले की, सभा संघाने भरवावी, आरंभी आपल्या मुलांनी वाचावे, आणि नंतर गावात राहणाऱ्या कोणासही मोकळीक असावी. निर्णय फार थोड्या मतांनी झाला. सभा देवळाच्या सभामंडपात पावसाळ्यानंतरच्या एका रविवारी भरली. चाळीस-पन्नास माणसे असतील. आपल्या पाच मुलामुलींनी वाचले. मग चाळीत राहणाऱ्या, रेल्वेत नोकरी केलेल्या एका रत्नागिरीकडच्या गृहस्थांनी अभंग म्हटले. नंदाखालकडून आलेल्या एका शिक्षिकेने कादोडी बोलीत आपल्या आजीच्या वाडीचे वर्णन वाचले. आपल्या म्हाताऱ्या बायकांना तिचा शब्द न् शब्द कळला व त्या हसून हसून मागे रेलल्या. रुग्णालयात परिचारिका असलेल्या एका वारली घरच्या मुलीने रात्रपाळीवर लिहिलेले चार कागद वाचले. ती खाली बसली तेव्हा काही वेळ कोणी बोलले नाही.

शेवटी मी उठलो. माझ्यापाशी स्वतःचे काही नव्हते. माझे वडील वारल्यावर त्यांच्या पेटीत भाताच्या खंडी-मणांच्या व मजुरीच्या हिशेबाची चोपडी सापडली होती. तिच्या मागच्या पानांवर बोरूच्या अक्षरात कविता होत्या: तळ्यावर, पहिल्या पावसावर, मेलेल्या बैलावर. वडिलांनी आयुष्यभर घरात कधी एक ओळ म्हटली नाही. आईलाही ठाऊक नव्हते. ते लिहीत होते आणि त्यांचे ऐकणारे कोणी नव्हते, हे शल्य मला पंचवीस वर्षे टोचत होते. बैलावरची कविता मी वाचली. अर्ध्यावर आलो असताना मागच्या बाजूला बसलेले एक वृद्ध गृहस्थ पुढची ओळ म्हणू लागले. ती वहीत होती तशीच होती.

मी थांबलो. ते म्हणाले, “बाळा, ही मी ऐकलेली आहे. खळ्यावर रात्री राखणीला आम्ही दोघं असायचो. तुझे बाबा म्हणायचे, मी ऐकायचो.” हे गृहस्थ शेजारच्या गावचे, आमच्या शेतावर मळणीला येणारे. ज्ञातीचे नव्हेत. आमच्या घरी त्यांना पानावर कधी बसविले गेले नव्हते. अंगणातच त्यांना वाढले जाई. माझ्या वडिलांनी घरात जे कोणाला दिले नाही, ते या माणसाला दिले होते. आणि त्याने ते साठ वर्षे जपले होते. सभा ज्ञातीपुरती असती, तर ते त्या दिवशी तेथे नसते, आणि माझे वडील एकटेच गेले असे मी मरेपर्यंत समजत राहिलो असतो.

सभा संपल्यावर मी त्यांना घरी नेले. ते पानावर बसले. त्यांनी आणखी दोन कविता म्हटल्या, ज्या वहीत नाहीत. मी त्या लिहून घेतल्या.

एक विनंती

या हकीकतीवरून कोणाला दोष देण्याचा माझा हेतू नाही. देणेच झाले तर तो आमच्याच अंगणाला द्यावा लागेल. सांगावयाचे एवढेच की, माणसाला दोन गोते असतात. एक जन्माने मिळते. त्याची नोंद ठेवण्यासाठी आपला संघ आहे, आणि त्याचे ऋण आपण विसरू नये. दुसरे गोत ऐकून मिळते. टिळकांना ते जळगावात मिळाले, रविकिरण मंडळाला रविवारच्या चहाला मिळाले, माझ्या वडिलांना खळ्यावर मिळाले. पहिल्या गोताने दुसऱ्यासाठी आपला सभामंडप उघडला, तर त्याचे काही उणे होत नाही.

म्हणून संघापुढे तीन सूचना नम्रपणे ठेवतो. पहिली, आचोळ्याची वाचनसभा दरवर्षी भरावी व तिचे दार गेल्या वर्षीप्रमाणेच उघडे असावे. दुसरी, ज्यांना लिहिता येत नाही अशा आपल्या घरच्या वृद्ध स्त्रियांची लग्नातील, जात्यावरची व पाळण्याची गाणी त्यांच्या नावानिशी लिहून घ्यावीत. आगरी घरांतील धवलारणींपाशी जो ठेवा आहे तोही त्यांच्या संमतीने टिपावा; त्या आपल्या शेजारणी आहेत. एक बहिणाबाई आपल्या आळीतही असेल आणि आपण तिला भाकऱ्याच थापावयास लावीत असू. तिसरी, जुन्या चोपड्या रद्दीत घालण्यापूर्वी त्यांची मागची पाने पाहावीत.

या सूचनांचा ज्ञातिबांधवांनी विचार करावा, अशी प्रार्थना करून हा लेख पुरा करतो.